बळ आल्यानंतरचा खेळ

उचगावात आमच्या घराच्या माडीवर शनिवारी रात्री बारा-साडेबारापर्यंत दिवा जळायचा. खालून जाणाऱ्याला फासे पडल्याचा खडखडाट आणि मधूनच चढलेले आवाज ऐकू यायचे. शेवटी एके दिवशी शेजारचे आजोबा काठी टेकत जिना चढून वर आले. पैसे लावून काही चालले आहे का, हे त्यांना पाहायचे होते. टेबलाभोवती आम्ही सहाजण, मध्ये पेन्सिलीने काढलेला एक नकाशा, प्रत्येकापुढे आकड्यांनी भरलेला कागद आणि चिवड्याची बशी. पैसा कुठेच नाही. आजोबा अर्धा तास बसले आणि जाताना त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "ह्यात जिंकतं कोण? आन् हरतं कोण?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आज त्या प्रश्नांच्या निमित्ताने बोलावे म्हणतो.

या खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे दोन जनक. कोल्हापूरच्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर गायगॅक्स काही काळ घरी बसून पादत्राणे दुरुस्त करत असत आणि उरलेल्या वेळात हा खेळ रचत. पहिली छपाई फक्त एक हजार प्रतींची होती. खेळाची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात फोन राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर लढण्याचा एक खेळ सादर केला होता. त्यात दोन्ही बाजूंच्या हालचाली ऐकून काय घडले ते सांगणारा एक पंच असे. तो पंच पुढे गोष्ट सांगणारा झाला आणि सैन्याच्या तुकडीच्या जागी एकेक माणूस आला, तेव्हा हा नवा खेळ जन्मला.

खेळ असा चालतो. एकजण सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला 'डन्जन मास्टर' म्हणतात, पण मी हौशी नाटकवाला असल्यामुळे मला सूत्रधार हाच शब्द जवळचा वाटतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी पुजारी. सूत्रधार सांगतो, "पावसाची रात्र आहे. धर्मशाळेचे दार आतून बंद आहे. आत कोणीतरी कण्हते आहे. काय करता?" खेळणारे आपापले पात्र काय करते ते बोलून सांगतात. जे सहज होण्यासारखे आहे ते होते. जिथे शंका आहे तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या आकड्यात पात्राचे कौशल्य मिळवायचे आणि ठरलेला आकडा गाठला की काम फत्ते. संहिता लिहिलेली नाही, सोंगट्यांचा पट नाही आणि शेवटचे घरही नाही. आज संपले नाही तर पुढच्या शनिवारी पुढे चालू.

आमच्याकडे हा खेळ २०१७ मध्ये आला. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीत येताना पुस्तके आणली. तो, त्याची धाकटी बहीण, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करणारा माझ्या मित्राचा मुलगा, गांधीनगरच्या कापडपेठेत हिशेब लिहिणारा एक तरुण आणि एक प्राथमिक शिक्षिका असा पाचजणांचा मेळ जमला. सूत्रधार होण्याचा मान वयामुळे माझ्याकडे आला. सुरुवातीची तीन वर्षे मजेत गेली. पुढे मात्र खेळ बिघडू लागला, आणि तो खेळणाऱ्यांच्या अपयशामुळे नव्हे, तर यशामुळे.

पात्राने पराक्रम केला की त्याची पातळी वाढते. आम्ही वापरतो त्या नियमांत, म्हणजे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत, एकपासून वीसपर्यंत पातळ्या आहेत. पहिल्या चार पातळ्यांचा वीर गावाला वाचवतो, दहापर्यंतचा मुलूख वाचवतो आणि सतराच्या पुढे सगळ्या जगाचे भवितव्य त्याच्या हातात असते. आकड्यांत सांगायचे तर नवखे पात्र आपल्या हातखंड्याच्या कामात पाच मिळवते. मध्यम अवघड कामाला पंधरा गाठायचे असतात. म्हणजे फाशावर दहा किंवा जास्त हवेत. शंभरांत पंचावन्न वेळा जमते आणि पंचेचाळीस वेळा फसते. म्हणून फासा हवेत असताना सगळे श्वास धरून बसतात. सतराव्या पातळीला तेच पात्र अकरा मिळवते. चार पडले तरी काम होते, म्हणजे शंभरांत पंच्याऐंशी वेळा. श्वास कोण धरणार?

मार सोसण्याच्या ताकदीला 'हिट पॉइंट' म्हणतात. साध्या गावकऱ्याला ते चार असतात. विसाव्या पातळीच्या दणकट योद्ध्याला दोनशेच्या वर. आणि मंत्रांचे तर विचारूच नका. पाचव्या पातळीचा मांत्रिक उडू शकतो. त्याच पातळीचा पुजारी प्रेताला प्रश्न विचारू शकतो. नवव्या पातळीला दूरच्या माणसावर नजर ठेवता येते आणि दहा दिवसांच्या आत मेलेल्याला परत आणता येते. तेराव्या पातळीला डोळ्याची पापणी लवते न लवते तोच शेकडो कोस दूर जाता येते. सतराव्या पातळीचा मांत्रिक दिवसातून एकदा इच्छा बोलून दाखवतो आणि ती खरी होते.

माझी फजिती कशी झाली ते सांगतो. पात्रे तेराव्या पातळीला आली होती. एका राज्याच्या खजिनदाराचा खून आणि त्याचा तपास, अशी गोष्ट मी दोन महिने खपून रचली. साक्षीदार, खोटे हिशेब, वाळवंटातला पंधरा दिवसांचा प्रवास, सगळे तयार होते. शिक्षिकाबाईंच्या पुजारिणीने प्रेताजवळ बसून मंत्र म्हटला आणि विचारले, "तुला कोणी मारले?" प्रेताने नाव सांगितले. भाचीच्या मांत्रिकीने सगळ्यांना एका क्षणात वाळवंटापलीकडे नेले. दोन महिन्यांचे काम दहा मिनिटांत आटोपले. चिवडा तेवढा उरला.

मी चिडलो. पुढच्या खेळात जो महाल येईल त्याच्या भिंतींतून मंत्र आत जात नाही, जे प्रेत सापडेल त्याची जीभ कापलेली, जो शत्रू भेटेल तो उडणाऱ्याला खाली पाडणारा. तीन शनिवार असे गेले. चौथ्या शनिवारी फाउंड्रीतला तो मुलगा, एरवी मितभाषी, कागद बाजूला सारून म्हणाला, "आण्णा, तीन वर्सं राबून जे कमावलं ते तुमी एका भिंतीत काढून घेतलंसा. मग कमवायचंच कशाला?" आठवडाभर भट्टीसमोर उभे राहून दमलेला तो मुलगा शनिवारी रात्री माझ्या माडीवर का येत होता, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. पुढचे दोन शनिवार तो आला नाही.

ही चूक माझी एकट्याची नाही. या खेळाच्या जनकालाही बलाढ्य पात्रांची जिरवावीशी वाटली होती. गायगॅक्स यांनी १९७५ च्या एका स्पर्धेसाठी 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचे एक भुयार रचले. १९७८ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले. पाऊल चुकले की थेट मरण, तिथे बळाचा काही उपयोग नाही. खेळाच्या इतिहासात त्याचे नाव झाले. पण असे भुयार वर्षातून एकदा गंमत म्हणून ठीक. दर शनिवारी तेच केले तर माणसे येईनाशी होतात.

कोल्हापुरात हे समजायला पुस्तक नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेले खासबाग मैदान आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. तालमीत पोरगा तयार झाला, अंगाने भरला, म्हणून वस्ताद त्याचे हात बांधून त्याला आखाड्यात सोडत नाही. तो त्याच्या तोलाची जोड शोधतो. बळ वाढले की कुस्ती बदलायची असते, मल्ल नव्हे. मी त्या मुलाच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि नव्याने विचार करायला बसलो. त्या वेळी मला महाभारताने मदत केली. वरच्या पातळीचा खेळ कसा चालवावा याचे इतके चांगले पाठ्यपुस्तक मला दुसरे माहीत नाही.

पहिला धडा कर्णाचा. त्याच्याकडे इंद्राने दिलेली वासवी शक्ती होती. ज्याच्यावर सोडावी तो मरणारच, पण ती एकदाच वापरायची. कर्णाने ती अर्जुनासाठी जपून ठेवली होती. युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेचा असा संहार मांडला, की कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागली. कर्णाची शक्ती कोणी काढून घेतली नाही. ती कधी वापरायची हे ठरवण्याची वेळ त्याच्यावर आणली. आमच्या खेळातही मोठे मंत्र दिवसातून मोजकेच वापरता येतात आणि आठ तासांच्या विश्रांतीनंतरच ते परत मिळतात. सूत्रधाराने एका दिवशी एकच संकट आणले, तर खेळणारे सगळी दारू त्या एकाच तोफेत ठासतात. एका दिवसात तीन ठिकाणांहून हाका आल्या की मग मोजदाद सुरू होते. हे आता वापरू, की रात्रीसाठी राखू?

दुसरा धडा अज्ञातवासाचा. बारा वर्षे वनवास भोगलेले, अस्त्रे मिळवलेले पांडव विराटाच्या घरी नोकर म्हणून राहिले. भीम स्वयंपाकी आणि अर्जुन नृत्यशिक्षक. कीचक द्रौपदीला छळत होता. त्याला मारणे भीमाला अवघड नव्हते, पण ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. म्हणजे 'मारता येईल का' हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता 'कोणाला न कळता कसे मारता येईल, आणि उशीर झाला तर द्रौपदीचे काय होईल'. वरच्या पातळीच्या पात्रांसमोर असेच प्रश्न ठेवावेत. शत्रूला मारणे सोपे असू द्यावे. मारल्यावर काय होईल ते अवघड असावे.

तिसरा धडा मी माझ्या त्या खजिनदाराकडून शिकलो. प्रेताला बोलू द्यायला हवे होते. नियमानुसार प्रेत पाच प्रश्नांची उत्तरे देते, पण जिवंतपणी जेवढे माहीत होते तेवढेच सांगते. मग खजिनदाराचीच समजूत चुकीची असती तर? आपल्याला भावाने मारले असे समजून तो मेला, पण भावाचे सोंग घेतलेला कोणी दुसराच होता, असे मी रचले असते, तर मंत्राचे चीज झाले असते आणि गोष्ट तिथे संपण्याऐवजी तिथून सुरू झाली असती. आता मी गोष्ट रचताना पाचही जणांच्या शक्तींची यादी समोर ठेवतो. ती शक्ती वापरली जाणारच असे धरतो आणि मगच ठरवतो, की त्यातून पुढचा प्रश्न कोणता निघेल.

थोडे टेबलावरच्या व्यवहाराचेही सांगतो. या पातळीवर लढाई रेंगाळते. उल्कापाताच्या मंत्राला सहा बाजूंचे चाळीस फासे टाकावे लागतात. ते गोळा करून बेरीज करेपर्यंत चहा निवतो. आम्ही सरासरी धरतो, एकशे चाळीस, आणि पुढे जातो. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने आपले काय करायचे ते ठरवून ठेवायचे. शत्रू एकटा असेल तर तो कितीही मोठा असो, पाचजणांच्या पाच पाळ्यांपुढे त्याची एक पाळी कमी पडते. म्हणून नियमांतच मोठ्या राक्षसांना मधल्या वेळी हालचाल करण्याची आणि दिवसातून तीनदा मंत्र झिडकारण्याची मुभा दिलेली आहे. ती विसरू नये. लढाईचा निकाल स्पष्ट दिसू लागला की शेवटचा राक्षस पडेपर्यंत थांबायचे नाही, "जिंकलात" म्हणून पुढे जायचे. आणि सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे उठण्यापूर्वी विचारायचे, "पुढच्या शनिवारी तुम्ही कुठे जाणार?" जगात कुठेही क्षणात जाऊ शकणाऱ्या माणसांसाठी सगळे जग तयार ठेवता येत नाही. त्यांनी स्वतःच सांगितलेले एक गाव मात्र आठवड्यात तयार करता येते.

आणखी एक वाट खेळाच्या जनकांनी पहिल्यापासूनच दाखवून ठेवली आहे. १९७४ च्या नियमांतही नवव्या पातळीचा योद्धा 'लॉर्ड' होई. तो किल्ला बांधी आणि प्रजेकडून कर गोळा करी. म्हणजे हिंडणाऱ्या वीराने एका टप्प्यावर कारभारी व्हावे, अशी कल्पना होती. आमच्या गटाला मी असाच एक गड दिला. तलवारीने जिंकलेला गड सांभाळताना त्यांची जी तारांबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. धान्याचे कोठार कुठे, टाक्यात पाणी किती, किल्लेदार विश्वासू आहे का, हे प्रश्न कोणत्याही मंत्राने सुटत नव्हते. तेव्हा मी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र पुन्हा काढून वाचले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या संभाजी राजांसाठी लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ. गडकोटांची व्यवस्था त्यात आहेच, पण आरमाराला लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही आहे. राज्याला हात लांब असतात, म्हणून तो कुठे आवरायचा हे आधी लिहून ठेवावे लागते. माझ्या पाच वीरांना मी सूत्रधार म्हणून जे सांगू पाहत होतो ते पंतांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते.

आता शेवटचा खेळ सांगतो, २०२२ मधला. पात्रे सतराव्या पातळीला पोचली होती. आणि फाउंड्रीतल्या मुलाला चाकणला चांगली नोकरी लागली होती, त्यामुळे हे महिने शेवटचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते.

२०१९ चा ऑगस्ट आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बंगळुरू वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. आमच्या पाचजणांपैकी तिघे त्या दिवसांत बोटीतून माणसे काढायला गेले होते. म्हणून पुराची गोष्ट रचण्यापूर्वी मी सगळ्यांना विचारले, चालेल का? चालेल म्हणाले. तेव्हा मी एक नदी आणली, तिच्यावर फुटायला आलेला एक बंधारा आणि दोन्ही काठांवर वस्ती. राक्षस नाही, दुष्ट मांत्रिक नाही. उत्तरही मी तयार ठेवले नव्हते. माझा अंदाज असा, की ते नदी दुसरीकडे वळवतील आणि मग पलीकडच्या काठाचे काय, यावर भांडतील.

त्यांनी वळवली नाही. पलीकडच्या काठावरही माणसे आहेत, हे पहिल्या पाच मिनिटांतच भाची म्हणाली. सकाळभर त्यांनी लहानमोठे सगळे मंत्र खर्ची घालून बंधारा धरून ठेवला आणि गावे रिकामी केली. पुजारीण छावणीत, चोर आणि भाच्याचे पात्र बंधाऱ्यावर, अशी वाटणी झाली. संध्याकाळी कळले, की एका टेकाडावर पंधरा माणसे अडकली आहेत. तिथे फक्त मांत्रिकी आणि योद्धा पोचले. मांत्रिकीकडे तीनच मोठे मंत्र उरले होते. त्यातला एक तो इच्छापूर्तीचा, पण त्याच्या जागी क्षणात दूर नेणारा मंत्रही म्हणता येतो. भाची खूश होऊन म्हणाली, "एका वेळी आठजण नेता येतात. तीन वेळा आठ, चोवीस. झालं काम."

हिशेबनीस गालातल्या गालात हसला. म्हणाला, "अगं, मंत्राने तूही जातेस ना? परत यायला एक मंत्र लागणार." टेबलावर शांतता पसरली. जायला एक, परत यायला एक, पुन्हा जायला एक. म्हणजे दोनच फेऱ्या. सोळा जागा. टेकाडावर पंधरा गावकरी आणि योद्धा, बरोबर सोळा. जमत होते. तेवढ्यात मी गावकऱ्यांतल्या एका म्हातारीच्या तोंडून म्हटले, "माझी म्हस सोडून म्या न्हाई येनार."

हे मी मुद्दाम योजले नव्हते. २०१९ मध्ये ऐकलेले वाक्य तोंडून निघून गेले. जनावरे सोडून बोटीत बसायला तयार नसलेली माणसे त्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिली होती. आणि नियम असा, की जो राजी नाही त्याला हा मंत्र नेत नाही. म्हातारी म्हशीशिवाय राजी नाही. म्हैस नेली तर ती एक जागा घेणार. सोळा जागा आणि सतरा जीव. जगाचे भवितव्य हातात असलेली माणसे एका म्हातारीसमोर आणि तिच्या म्हशीसमोर पाऊण तास अडून बसली. म्हातारीला समजावले, म्हशीची किंमत देऊ केली, दुप्पट म्हशी देतो म्हणाले. म्हातारी हलेना. माडीवरच्या कोणालाही ती चूक आहे असे वाटत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

शेवटी फाउंड्रीतला मुलगा म्हणाला, "म्हस न्या. मी थांबतो. माझ्यात दोनशे हिट पॉइंट हायेत की."

मी त्याला नियम वाचून दाखवला. मार कितीही सोसता आला तरी बुडण्याला हिट पॉइंट चालत नाहीत. श्वास संपला की संपले. तो म्हणाला, "म्हाईत हाय." मग मी फासे सगळ्यांसमोर उघडे टाकायला लावले. टेकाडावरच्या झाडाला धरून राहण्यासाठी तीन वेळा. पहिल्या दोन वेळा आकडा चांगला पडला. तिसऱ्या वेळी तीन पडले. त्याच्या कागदावर सगळे मोठमोठे आकडे होते आणि त्या तीनपुढे त्यातला एकही पुरला नाही. पाच वर्षांत प्रथमच कोणी चिवड्याला हात लावला नाही.

सकाळी प्रेत सापडले. पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा पुजारिणीजवळ होता आणि परत आणायचा मंत्रही. त्या मंत्राला एकच अट आहे. मेलेल्याची परत यायची इच्छा हवी. शिक्षिकाबाईंनी विचारले, "येतोस का रे?" तो बराच वेळ कागदाकडे पाहत होता. मग म्हणाला, "नको बाई. हिरा त्या गावाला द्या. घरं बांधायला लागतील."

वरच्या पातळीच्या पात्रांचा खेळ कसा चालवावा, असे मला पुष्कळ नवे सूत्रधार विचारतात. आता पुस्तकेही सहज मिळतात आणि २०२३ पासून नियमांचा गाभा कोणालाही मोफत वापरता येतो, त्यामुळे अशी मुले वाढली आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो, की नव्या पात्राला विचारायचे, 'तुला हे जमेल का?' आणि मोठ्या पात्राला विचारायचे, 'तुला जमते हे ठाऊक आहे, पण तू काय करशील, आणि त्याची किंमत कोण देईल?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर फासा देतो. दुसऱ्याचे उत्तर फाशाकडे नसते. ते खेळणाऱ्यालाच द्यावे लागते. मोठा राक्षस, आणखी मोठा राक्षस, अशी चढण रचत बसण्यापेक्षा तो दुसरा प्रश्न नीट मांडता आला तर सूत्रधाराचे काम झाले. त्यासाठी कधीकधी एक म्हैस पुरते.

तो मुलगा चाकणला गेला. आम्ही उरलेल्यांनी नव्या पात्रांनिशी पहिल्या पातळीपासून पुन्हा डाव मांडला. शेजारच्या आजोबांना मी त्या शेवटच्या शनिवारची हकीकत कट्ट्यावर बसून सांगितली. कोण जिंकले आणि कोण हरले ते आता त्यांनीच ठरवावे, असे मनात होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, तंबाखूची चिमूट सोडली आणि विचारले, "म्हस जगली न्हवं?"

जगली म्हटले.

"मग झालं," आजोबा म्हणाले.